तंबाखूच्या मुलखाने ओळखावे असे डॉक्टर : वसंत रामजी खानोलकर

गणपती ही विद्येची देवता. म्हणून गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र छापण्याची प्रथा आपल्याकडे आहे. लोकमान्य टिळक, राजर्षी शाहू महाराज, महर्षी कर्वे, सेनापती बापट यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे आणि वाचत राहू. या वर्षी मात्र आम्ही एका डॉक्टरांची ओळख करून द्यायचे ठरवले. वैद्यकीय जगात त्यांचे नाव फार मोठे आहे. भारतातल्या पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. आपल्या सीमाभागात मात्र हे नाव क्वचितच ऐकू येते. खरे तर ते सर्वांत जास्त ऐकू यायला हवे ते आपल्याकडेच, कारण त्यांनी ज्या रोगाचा माग काढला तो आपल्या पिकाशी, आपल्या चंचीशी आणि आपल्या घरातल्या मिश्रीच्या डबीशी जोडलेला आहे.

ते डॉक्टर म्हणजे वसंत रामजी खानोलकर. खानोलकर हे आडनाव आपल्याला परके नाही. आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्याकडे गेले की खानोली नावाचे गाव लागते. कवी आरती प्रभू यांचेही आडनाव खानोलकरच.

शिक्षण आणि सुरुवात

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. त्या काळी वैद्यकीय शिक्षण घेतलेला हुशार तरुण विलायतेला जाई, पदवी आणी आणि परत येऊन मुंबईत दवाखाना थाटी. त्यात पैसा होता आणि मानही होता. खानोलकरही लंडनला गेले. लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी १९२३ साली मिळवली. पण त्यांनी निवडलेला विषय होता पॅथॉलॉजी, म्हणजे विकृतिशास्त्र. या विषयाच्या डॉक्टरला रुग्ण भेटत नाही, फी मिळत नाही आणि लोक त्याला ओळखतही नाहीत. तो प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर बसलेला असतो.

आपल्याकडे कुणाच्या तोंडात जखम झाली, गाठ आली, की डॉक्टर तिचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तो तुकडा कुठे जातो आणि त्याचे काय होते, हे घरच्यांना सहसा कळत नाही. तो जातो पॅथॉलॉजिस्टकडे. आधी फॉर्मलिनमध्ये ठेवून तो टिकवतात, मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप घेतात, ते काचेवर चिकटवून गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गाठ साधी की कर्करोगाची, कर्करोग असेल तर कोणत्या जातीचा, हे तिथे ठरते. पुढचा सगळा उपचार त्या एका कागदावर अवलंबून असतो. खानोलकरांनी आयुष्य वाहिले ते या कामाला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे के. ई. एम. रुग्णालयाच्या कॉलेजात, पॅथॉलॉजी शिकवली. हे दुसरे कॉलेज १९२६ साली सुरू झाले होते आणि तिथे सगळा शिक्षकवर्ग भारतीय असावा असा आग्रह होता. इंग्रजांच्या राज्यात ही साधी गोष्ट नव्हती. अशा ठिकाणी खानोलकरांसारखे शिक्षक लाभले म्हणून त्या कॉलेजाचा नावलौकिक झाला.

टाटा रुग्णालय

मुंबईच्या परळ भागात असलेले टाटा रुग्णालय आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांना माहीत आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी परळला पोहोचणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही आहेत. हे रुग्णालय उभे राहिले ते एका दुःखातून. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. परदेशात त्यांच्यावर जसे उपचार झाले, तशी सोय आपल्या देशात असावी असे दोराबजींच्या मनात आले. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी काम पुढे नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे प्रमुख म्हणून खानोलकर आले.

त्या काळी एक समज पक्का होता. कर्करोग हा गोऱ्या, सुधारलेल्या देशांचा रोग. हिंदुस्थानी माणसाला तो फारसा होत नाही, असे मोठमोठे डॉक्टर मानत. खानोलकरांनी हा समज तपासून पाहिला. टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येत होते. प्रत्येकाचा तुकडा मेणात बसत होता आणि प्रत्येकाची नोंद होत होती. माणूस कुठला, कोणत्या समाजाचा, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे सगळे ते पाहत. १९४५ साली त्यांनी भारतीयांना कर्करोग होण्याचे प्रमाण किती, या विषयावर लेख लिहिला. त्यातून दिसले की कर्करोग आपल्याकडेही भरपूर आहे, पण तो शरीरात बसण्याच्या जागा वेगळ्या आहेत. विलायतेत पोटाचे आणि आतड्यांचे कर्करोग पुष्कळ. आपल्याकडे तोंडाचे आणि घशाचे. एकाच मुंबई शहरात पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त, तर हिंदू बायकांत गर्भाशयाच्या तोंडाचा जास्त. शहर एक, हवा एक, पाणी एक, मग हा फरक कशाने? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

धोतर, खैनी आणि चुट्टा

त्याच १९४५ साली खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांचा एक लेख अमेरिकेतल्या पॅथॉलॉजीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसांच्या सवयींमुळे होणारे कर्करोगाचे नवे प्रकार त्यांनी जगापुढे मांडले. त्यातला एक म्हणजे धोतराचा कर्करोग. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर घट्ट आवळल्याने, घाम आणि घर्षण होत राहिल्याने तिथली कातडी आधी पांढरी किंवा काळी पडते, जाड होते, चिघळते आणि क्वचित कुणाला त्या जागी कर्करोग होतो. पुढे साडीच्या आणि परकराच्या नाडीमुळे असेच झालेले रुग्णही डॉक्टरांनी नोंदवले. कमरेचा तो काळपट वळ आपल्या आज्यांच्या अंगावर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यातला फार थोड्यांनाच पुढे त्रास होतो, पण तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नसेल तर दाखवून घ्यावी, एवढे त्यातून शिकता येते.

दुसरा प्रकार खैनीचा. उत्तर हिंदुस्थानात तंबाखू आणि चुना मळून तो गोळा खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात. कर्करोग नेमका त्या खाचेत उठत होता. आंध्रच्या किनाऱ्यावर बायका चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. त्यांना टाळूचा कर्करोग होत होता. ज्या जागी तंबाखू, त्या जागी रोग. जणू रोगाने स्वतःच आपला पत्ता लिहून ठेवला होता, आणि तो वाचायला सूक्ष्मदर्शक आणि चौकस माणूस हवा होता.

पण पत्ता सापडला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे होत नाही. तंबाखू खाणारे लाखो लोक निरोगीही असतात. त्यासाठी रुग्ण आणि निरोगी माणसे यांची शेजारी शेजारी मांडून तुलना करावी लागते. एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी तोंड आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांची अशी तुलना केली आणि ती १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशी, ओढण्याचा घशाच्या कर्करोगाशी, असे त्यातून दिसले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर विलायतेत तेव्हा वाद चालू होता आणि अमेरिकन सरकारचा सिगारेटविरुद्धचा प्रसिद्ध अहवाल यायला अजून नऊ वर्षे होती.

तोंड उघडेनासे होते, गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, हा आजारही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. सत्यवती सिरसाट यांच्याबरोबर त्यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट अर्क लावून हा आजार कसा होतो हे पाहिले. पुढच्या काळात या आजाराचे मुख्य कारण सुपारी आहे हे सिद्ध झाले. गुटख्याने तो शाळकरी पोरांपर्यंत पोहोचला. महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली त्यामागे अशा अभ्यासांची मोठी परंपरा आहे.

आपला मुलूख

१९५५ साली ते संशोधन छापून आले तेव्हा बेळगाव, निपाणी, चिकोडी हा सगळा भाग मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. निपाणीच्या काळ्या मातीतला विडीचा तंबाखू तेव्हाही देशभर जात होता आणि नंतरही जात राहिला. या पिकाने इथल्या घरांना पक्क्या भिंती दिल्या, मुलांना शिक्षण दिले, लग्ने लावली, देवळे बांधली. वखारींतून तंबाखू चाळणाऱ्या आणि निवडणाऱ्या हजारो बायकांच्या चुली त्यावर पेटल्या, जरी त्या धुळीने त्यांची छाती भरली. १९८१ साली याच पिकाला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ हमरस्त्यावर ठाण मांडून बसले आणि गोळीबारात काहींनी प्राण गमावले. त्यांचे स्मरण आपण आदरानेच करतो.

म्हणून खानोलकरांचे चरित्र लिहिताना तंबाखू पिकवणाऱ्याला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. शेतकरी पिकवतो कारण दुसऱ्या पिकात तसा हमखास पैसा दिसत नाही. पण एकाच गावात एका घरात तंबाखूच्या पैशाने माडी चढते आणि शेजारच्या घरात तोंडाच्या ऑपरेशनसाठी शेत गहाण पडते, हेही आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीकडे डोळेझाक करून दुसरी सांगणे हे खानोलकरांच्या शास्त्राला शोभणारे नाही. त्यांनी कुणाच्या धर्माला, जातीला किंवा धंद्याला नावे ठेवली नाहीत. त्यांनी फक्त मोजले आणि लिहून ठेवले.

रक्तातला वारसा

सवयींनी सगळे उलगडत नव्हते. तीच सवय असलेल्या दोन माणसांपैकी एकाला रोग होतो, दुसऱ्याला होत नाही. तेव्हा काहीतरी आतले, वारशाने आलेलेही असले पाहिजे. म्हणून खानोलकर आनुवंशिकतेकडे वळले. संघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या आपापसांत लग्ने करणाऱ्या सहा समाजांत रक्तगटासारख्या सात आनुवंशिक गुणांची तपासणी केली. भारतातल्या माणसांच्या आनुवंशिकतेचा असा पद्धतशीर अभ्यास तेव्हा अगदी नवा होता. त्याच सुमारास, १९५२ साली, मुंबईच्याच डॉ. य. मो. भेंडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मीळ रक्तगट जगापुढे आणला. मराठी डॉक्टरांचा तो मोठा उमेदीचा काळ होता.

१९५२ सालीच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तिथे त्यांनी माणसे जमवली हे त्यांचे खरे मोठेपण. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. केली. त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आल्या आणि शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी या केंद्रात उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी लवकर ओळखला. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम उभे केले. संघवी यांनी समाजासमाजांतल्या फरकांचा अभ्यास पुढे नेला. ज्या काळात विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बाई दिसणे दुर्मीळ होते त्या काळात खानोलकरांच्या केंद्रातले दोन महत्त्वाचे विभाग बायकांनी घडवले, ही गोष्ट नुसती लिहून सोडून देण्यासारखी नाही.

कुष्ठरोगाकडेही त्यांचे लक्ष होते. या रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यात काय घडते, याचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास केला. कुष्ठरुग्णांच्या ऊतींमधून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याचे काम त्यांच्या केंद्रात झाले आणि पुढे त्यावरून लसीचे प्रयोगही झाले.

मानसन्मान मागून आले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांना मिळालेले राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद वैद्यकशास्त्रासाठी खानोलकरांना मिळाले. कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाचे ते अध्यक्ष झाले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीत त्यांनी भारताची बाजू सांभाळली. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६६ साली टाटा रुग्णालय आणि कर्करोग संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. आज ते अणुऊर्जा विभागाखाली चालते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी डॉ. खानोलकर यांचे निधन झाले. वय त्र्याऐंशी होते.

मेणाच्या ठोकळ्यातून पुढे

खानोलकर गेले तेव्हा माणसाच्या कर्करोगात बिघडलेला जीन कुणाच्याही हाती लागला नव्हता. तो शोध लागला त्यानंतर चार वर्षांनी. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आणि त्यांनी लावलेली पद्धत, दोन्ही आजच्या उपचारात जिवंत आहेत.

आज कर्करोगाच्या काही रुग्णांना डॉक्टर गाठीची जीन तपासणी करायला सांगतात. ती तपासणी होते त्याच मेणाच्या ठोकळ्यावर. त्यातले थोडे काप घेऊन त्यातला डीएनए वेगळा करतात आणि कोणत्या जीनमध्ये बिघाड आहे ते वाचतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन रुग्णांच्या गाठी सारख्या दिसल्या तरी आतला बिघाड वेगळा असू शकतो आणि मग औषधही वेगळे लागते. फुप्फुसाच्या एका जातीच्या कर्करोगात ईजीएफआर नावाच्या जीनमधला बिघाड भारतीय रुग्णांत पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा जास्त आढळतो, कधी विडी-सिगारेटला हातही न लावलेल्या बायकांतही. तो सापडला तर रोजच्या एका गोळीवर रुग्ण दीर्घकाळ बरा राहू शकतो. स्तनाच्या गाठीत हर-टू तपासतात. ते वाढलेले असेल तर त्यावर नेमके औषध आहे, आणि त्याची भारतीय बनावट २०१४ पासून निघू लागल्याने ते थोडे आवाक्यात आले. रक्ताच्या एका कर्करोगात दोन जीन चुकीच्या जागी जोडले जातात. त्यावरची इमॅटिनिब ही गोळी कितीतरी रुग्णांना नेहमीसारखे आयुष्य देते. तिच्या एका रूपावर पेटंट मागणारा परदेशी कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून ती स्वस्तात मिळत राहिली.

यातच आपल्यासारख्या देशाची अडचणही दिसते. तपासणीला पैसे लागतात. एका जीनची तपासणी काही हजारांत होते, शेकडो जीन एकदम वाचणारी तपासणी त्याच्या कितीतरी पट महाग पडते. अहवालात एखादा बिघाड सापडतो, पण त्यावरचे औषध देशात नसते किंवा महिन्याला घरचे सगळे उत्पन्न गिळते. शिवाय जगभरच्या जीनच्या याद्या बहुतेक गोऱ्या रुग्णांवरून तयार झालेल्या. आपल्या लोकांच्या गाठी त्यांत कमी. सगळ्यांचा कर्करोग विलायतेसारखाच असेल असे धरून चालणे ही चूक खानोलकरांनी १९४५ सालीच दाखवून दिली होती.

ती उणीव भरून काढण्याचे एक मोठे काम आपल्या देशात झाले आहे. जगातल्या अनेक देशांनी एकेक कर्करोग वाटून घेऊन त्याचे जीन वाचायचे ठरवले तेव्हा भारताने निवडला तो गाल आणि हिरडीचा कर्करोग, म्हणजे तंबाखू चघळणाऱ्यांचा. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जीनोम संस्था आणि टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन संस्था यांनी मिळून शंभराहून अधिक रुग्णांच्या गाठी तपासल्या. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टीपी५३ सारखे आधी माहीत असलेले जीन त्यांत बिघडलेले सापडलेच. शिवाय या कर्करोगाशी आधी न जोडलेले काही नवेही सापडले. संघवी-खानोलकरांनी १९५५ साली बाहेरून पाहिलेला रोग आता आतून वाचला जाऊ लागला.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फुप्फुस, स्तन आणि रक्ताच्या काही कर्करोगांत जीन तपासणी उपचार बदलते. आपल्या भागात घरोघरी दिसणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात मात्र आजही मुख्य उपाय म्हणजे वेळेवर शस्त्रक्रिया आणि गरजेप्रमाणे किरणोपचार. त्यामुळे कुणी महागडी तपासणी सुचवली तर घरच्यांनी डॉक्टरांना नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्यात. या तपासणीने औषध बदलणार आहे का? आणि जे औषध निघेल ते मिळण्यासारखे, परवडण्यासारखे आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर तपासणी जरूर करावी, नसेल तर तेच पैसे उपचाराला राखावेत. आणि तुकड्याचा मेणाचा ठोकळा जपून ठेवावा. आपल्या भागातला रुग्ण कधी बेळगावात, कधी कोल्हापूर-मिरजेत, कधी बंगळूरला, तर कधी मुंबईला जातो. प्रत्येक ठिकाणी नव्याने तुकडा काढण्यापेक्षा पहिल्या ठिकाणचा ठोकळा मागून घेऊन सोबत नेता येतो. देशातली तीनशेहून अधिक रुग्णालये आता राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात जोडली गेली आहेत. त्यामुळे उपचाराची पद्धत सगळीकडे सारखी व्हावी आणि औषधे एकत्र खरेदी करून स्वस्त मिळावीत असे प्रयत्न चालू आहेत.

या सगळ्याहून स्वस्त तपासणी म्हणजे उजेडात आ वासून तोंड दाखवणे. केरळात हजारो लोकांची तोंडे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी, उजेडात तपासली. तंबाखू खाणाऱ्या आणि दारू पिणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही असेल तर मिश्री-तंबाखू थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आपल्या मंडळाने पुढच्या वर्षी रक्तदान शिबिराच्या जोडीला अशी तोंडतपासणी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. आरतीनंतर मंडपात बसलेल्या मंडळींतच त्याची गरज असलेले पुष्कळ निघतील, आणि वखारीत काम करणाऱ्या भगिनींना तर आवर्जून बोलवायला हवे.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रातल्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिले आहे. तिथे आजही कर्करोगाच्या गाठींचे जीन वाचले जातात. आपल्या भागात त्यांचे स्मारक नाही. एखाद्या घरात या लेखामुळे एक चंची कायमची रिकामी झाली किंवा एक जखम वेळेवर दाखवली गेली, तर त्यांचे ऋण थोडेतरी फिटले असे आम्ही समजू.

विद्येची देवता आपणा सर्वांना आरोग्य आणि सुबुद्धी देवो. गणपती बाप्पा मोरया!